गिळलेला ‘स’

माझ्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक येऊन पडलं आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ इतकी वर्षं एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून का बसले होते, याबद्दल दोन्हीकडच्या निवृत्त अधिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्याचं ते पुस्तक. त्याच्या अखेरीस अर्ध्या पानाची एक नोंद आहे. ‘दुभाषीची चूक’ असं तिचं शीर्षक आणि खाली माझं नाव. आपलं नाव पुस्तकात यावं म्हणून लोक धडपडतात. मी माझी चूक पुस्तकात यावी म्हणून जितकी भांडले तितकी सासरी-माहेरी मिळून कधी भांडले नसेन. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी काहीतरी लिहा’ असं कळवलं, तेव्हा लिहायचं तर हेच, असं मी ठरवून टाकलं.

मी सत्तावीस वर्षं रशियन-इंग्रजी दुभाषी होते. नागपूरकडच्या बौद्ध घरातली मुलगी या कामात कशी शिरली, असं इथे अमेरिकेत पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपं आहे. माझे बाबा, गणपतराव, भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर होते आणि तिथे सोव्हिएत इंजिनिअर राहायचे. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोला मी तान्यामावशी म्हणायचे. तिनं मला आधी लोणची घालायला शिकवली, मग अक्षरं. पुढे दिल्लीत रशियनचं रीतसर शिक्षण झालं, लग्न झालं, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे व्हर्जिनियात हर्नडनला आले आणि एका भाषांतर कंपनीत चिकटले. बाकीची सनावळी वाचकांना नको असते आणि मलाही आठवत नाही.

दुभाषीचं काम शब्दकोशाचं असतं असा लोकांचा समज आहे. समोरचा माणूस दोन-तीन मिनिटं बोलतो. आपण वहीत भराभर खुणा करतो, बाण काढतो. तो थांबला की ते सगळं दुसऱ्या भाषेत बोलायचं. पहिला नियम असा की ‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नाही. ते ‘मी’ म्हणाले तर आपणही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे मी सकाळी पोळी-भाजीचा डबा भरून घरातून निघायचे आणि दहा वाजता कुठल्याशा हॉटेलच्या सभागृहात गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “माझ्या हाताखाली दहा क्षेपणास्त्रं होती आणि ती काही मिनिटांत सोडता आली असती.” संध्याकाळी नवरा विचारायचा, “काय, आज किती शहरं उडवलीस?”

दुसरा नियम असा की शंका आली की विचारायचं. लाज वाटली तरी विचारायचं. माझी सगळी गोष्ट या दुसऱ्या नियमाची आहे.

सुरुवातीच्या काळातली एक बैठक आठवते. शस्त्रकपातीच्या तपासणीसाठी रशियन मंडळी आली होती. ती खोलीत शिरली की आधी एसी बंद करायची. अमेरिकन तो चालू करायचे. चहाच्या सुट्टीत रशियन पुन्हा बंद करायचे. दुसऱ्या दिवशी एक रशियन गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन बटणाशेजारच्या खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशी एक अमेरिकन गृहस्थ त्यांच्याही आधी येऊन त्या खुर्चीत बसले. मग एका अमेरिकनानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “घरघर थांबली की यांचं चोरटं रेकॉर्डिंग स्वच्छ होत असेल का हो?” तिकडे रशियनांची खात्री पटली होती की त्यांना आजारी पाडून बैठक गुंडाळायचा हा डाव आहे. दुभाषीनं स्वतःचं काही बोलायचं नसतं, पण त्या दिवशी मी बोलले. म्हटलं, “रशियन माणूस बॉम्बला भीत नाही इतका मानेवर येणाऱ्या वाऱ्याला भितो. माझी आईसुद्धा बसच्या खिडकीत कान बांधून बसायची.” दोन्हीकडचे हसले आणि एसी मधल्या आकड्यावर आला.

महासत्तांचं भांडण कशामुळे झालं यावर मोठमोठी पुस्तकं आहेत आणि मी त्यातली बरीचशी कामासाठी वाचली आहेत. एक जण स्वतःच्या भीतीनं काहीतरी करतो. दुसऱ्याला त्यात डाव दिसतो, म्हणून तोही काहीतरी करतो. पहिल्याला तो पुरावा वाटतो. मला हे त्या बटणापाशी पहिल्यांदा नीट कळलं.

माझ्या हातून चांगली कामंही झाली, ती का लपवू? रशियनमध्ये ‘सुरक्षा’ या अर्थी एकच शब्द आहे, आपल्या मराठीसारखाच. इंग्रजीत दोन आहेत, सेफ्टी आणि सिक्युरिटी. एका अस्त्रकोठाराबद्दल बोलताना रशियन इंजिनिअर म्हणाला, तिथे सुरक्षेची अडचण आहे. माझ्याबरोबरच्या अमेरिकन दुभाष्यानं ताबडतोब सिक्युरिटी असं लिहिलं. मी हात वर केला आणि विचारलं, “अडचण चोराची की स्फोटाची?” स्फोटाची होती. चोराची असती तर माणसं वाढवायची, स्फोटाची असेल तर माणसं हलवायची. तो सापळा मला दिसला कारण मराठीतही तो तसाच आहे. कंपनीत त्या दिवसापासून मला मान मिळायला लागला आणि मी मराठीच्या जोरावर जरा ताठ चालायला लागले.

आता त्या पुस्तकाकडे येते.

सात वर्षांपूर्वी एका इतिहास-संस्थेनं दोन्हीकडच्या जुन्या अधिकाऱ्यांना तीन दिवस एकत्र बसवलं. संपादक होती कॅरन नावाची शांत, शिस्तीची बाई. रशियन बाजूनं वालेरी इग्नात्येविच होते. ते एकेकाळी क्षेपणास्त्र दळात अधिकारी होते आणि बायको गेल्यावर मुलीकडे, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला राहायला आले होते. रशियन लोकही आपल्यासारखंच नावापुढे वडिलांचं नाव लावतात, त्यामुळे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ‘सुजाता गणपतोव्ना’ करून टाकलं. बाबा असते तर खूश झाले असते. अमेरिकन बाजूनं रसेल होते. त्यांची तरुणपणाची वर्षं जमिनीखालच्या कोठडीत क्षेपणास्त्र सोडायची किल्ली सांभाळण्यात गेली होती. आता ते तिकडे सिएटलजवळ बॉथेलला भाजीपाला लावतात.

बोलणं चाललं होतं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. सोव्हिएतांनी पश्चिम युरोपच्या रोखानं नवी क्षेपणास्त्रं मांडली होती. उत्तर म्हणून अमेरिकेनं आपली युरोपात आणून ठेवायचं ठरवलं. ती काही मिनिटांत पोहोचणारी होती. म्हणजे खरं काय, खोटं काय, हे तपासायला वेळच उरणार नव्हता. ज्याच्याकडे वेळ नसतो तो आधीच हात उगारून बसतो, आणि दोन्हीकडे तेच झालं होतं.

वालेरी इग्नात्येविच एका आठवड्याबद्दल सांगत होते. पलीकडे मोठा लष्करी सराव सुरू होता आणि यांना वरून सांगितलं होतं की सरावाच्या आडून खरा हल्ला होऊ शकतो. “आमचं सगळं तयार होतं,” ते म्हणाले. “सारखे फोन येत होते. मग फोन यायचे थांबले, ते जास्त वाईट होतं.” मग घसा खाकरून, कवळी सावरत ते एक छोटं वाक्य बोलले. त्यातलं क्रियापद मी ऐकलं, ‘स्देर्झिवाली’.

वाचकांनी इथे जरा धीर धरावा, एवढं एकच व्याकरण आहे. ‘स्देर्झिवाली’ म्हणजे दुसऱ्याला रोखून धरलं, आवरलं. त्याच शब्दाच्या शेवटी एक ‘स’ लागला, ‘स्देर्झिवालिस’, की अर्थ होतो स्वतःला आवरलं. सगळा फरक त्या एका ‘स’चा. रशियन माणूस तो ‘स’ कधीच सोडत नाही आणि चांगला दुभाषी तो ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. मीही एरवी गेले नसते. पण तो शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात आपोआप मराठी उमटलं, ‘आवरलं’. मराठीत ‘आवर’ म्हटलं की पुरतं. आई पोराला म्हणते, त्याला आवर. रडणाऱ्या बाईला म्हणतात, आवर गं आता. कुणाला, ते सांगावं लागत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. मला अर्थ पुरा झाल्यासारखा वाटला. शंकासुद्धा आली नाही, मग विचारणार काय? मी इंग्रजीत ठणकावून सांगितलं, “तो सबंध आठवडा आम्ही त्यांना रोखून धरलं.”

रसेल लाल झाले. “आम्हाला? आम्ही हल्ला करणारच नव्हतो! तो सराव होता. यांनी कुणालाही रोखलेलं नाही.”

मी ते रशियनमध्ये सांगितलं, तुम्ही कुणालाही आवरलं नाही. वालेरी इग्नात्येविचांना वाटलं, हा माणूस मला खोटारडा म्हणतोय. “मी तिथे होतो,” ते म्हणाले. “तुम्ही नव्हता.”

“आजही हाच तोरा,” रसेल म्हणाले. “आम्ही भ्यालो म्हणून थांबलो असंच यांना वाटतं.”

पुढचा तासभर दोघं तावातावानं बोलले आणि मी दोघांचंही बोलणं चोख पोहोचवत राहिले. भांडणाचं मूळ तेवढं माझ्या वहीत होतं. शेवटच्या दिवशी वालेरी इग्नात्येविचांनी हात पुढे केला. रसेलनं कोट घालायला सुरुवात केली आणि कोट घालून ते निघून गेले. म्हाताऱ्याचा हात तसाच राहिला. गाडीत बसताना मला वाटलं, चाळीस वर्षांचं वैर तीन दिवसांत कसं जाईल? स्वतःबद्दल काही वाटायचं कारणच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात, मी निवृत्त झाल्यावर, कॅरननं पुस्तकाचा मजकूर आणि रेकॉर्डिंग तपासायला पाठवलं. त्या दिवसाच्या प्रकरणाचं शीर्षकच होतं, ‘आम्ही त्यांना रोखून धरलं’. मी हेडफोन लावून स्वयंपाकघरात बसले होते. ते वाक्य आलं. खाकरणं आलं. आणि शब्दाच्या शेवटी, कवळीमागे अर्धा गिळलेला, पण होता. ‘स’. मी पाच वेळा मागे जाऊन ऐकला. मग ती जुनी वही शोधून काढली. त्या जागी मी एक बाण काढला होता, सरळ, समोरच्या बाजूकडे जाणारा. तो वळून परत यायला हवा होता.

रविवारी आमच्याकडे हर्नडनची चार-पाच कुटुंबं वंदनेला जमतात. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. आयुष्यभर म्हटलेलं, पण त्या रविवारी ते म्हणताना मी मध्येच थांबले. मी खोटं बोलले नव्हते, पण माझ्या तोंडून खोटं गेलं होतं आणि ते आता छापलं जाणार होतं. एका माणसानं जगावर उपकार केले होते आणि पुस्तकात तो बढाईखोर म्हणून जाणार होता. तोही चौऱ्याऐंशी वर्षांचा झालेला.

माझी मुलगी मैत्री त्याच दिवशी जेवायला आली होती. तिला सांगितलं.

“आई, यू आर रिटायर्ड,” ती म्हणाली. “एका लेटरसाठी इतकं? एक ईमेल टाक आणि लेट इट गो ना.”

“लेटर नाही गं. एका माणसाची अब्रू आहे.”

“पण नाव तुझं खराब होईल. पीपल विल से, बाकीचंही चुकीचंच असेल.”

“म्हणू देत. चूक माझी, नावही माझंच लागेल.”

“मग करेक्शन कर, पण नाव नको ना टाकूस.”

“नाव नाही टाकलं तर लोकांना वाटेल त्यांनीच शब्द फिरवला,” मी म्हटलं. ती पानातली भाजी संपवायला लागली.

कॅरनला फोन केला. तिनं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. पानं जुळवून झाली होती. शिवाय तिनं ते रेकॉर्डिंग भाषांतर करणाऱ्या यंत्राला ऐकवलं होतं आणि यंत्रानंही माझंच जुनं वाक्य दिलं होतं. म्हणजे यंत्रानंही ‘स’ गिळला. “दोन साक्षी एका बाजूला आहेत, सुजाता,” ती म्हणाली, “आणि त्यातली एक तूच आहेस.”

“मी साक्ष फिरवतेय,” मी म्हटलं.

“तळटीप देऊ?”

“शीर्षक चुकीचं ठेवून तळटीप कसली देतेस? मजकूर बदल, शीर्षक बदल आणि माझी चूक माझ्या नावानिशी छाप.”

मी तिला रोज फोन करायला लागले. सहाव्या दिवशी ती वैतागून म्हणाली, “बोलणाऱ्यानं स्वतः तसं सांगितलं तर बदलते. महिनाअखेरपर्यंत.” मी लारिसाला, म्हणजे वालेरी इग्नात्येविचांच्या मुलीला, फोन लावला. ती म्हणाली, बाबांना मध्यंतरी पक्षाघाताचा झटका येऊन गेला, बोलतात पण लवकर थकतात, यायचं तर लवकर या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच गाडी काढली. हर्नडन ते कॅरी साडेचार-पाच तासांचा रस्ता आहे आणि मी वाटेत फक्त पेट्रोलला थांबले.

ते खिडकीपासून लांब, मानेभोवती मफलर गुंडाळून बसले होते. मला पाहून म्हणाले, “सुजाता गणपतोव्ना, तुम्ही म्हाताऱ्या झालात.”

मी म्हटलं, “हो. आणि एक चूक सांगायला आलेय.”

सगळं सांगितलं. तो शब्द, तो ‘स’, माझं इंग्रजी वाक्य. शब्द मऊ करायची सवय दुभाषीला असते, ती मी बाजूला ठेवली.

“म्हणून त्यानं हात दिला नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी स्वतःला आवरलं यावर त्याचा विश्वासच बसला नाही. सात वर्षं मी हाच विचार करतोय की त्याला पटायला मी आणखी काय सांगायला हवं होतं.” मग त्यांचा आवाज चढला. “तुम्ही विचारलं का नाही? एवढं एकच विचारायचं होतं, कुणाला!”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. लारिसा चहा घेऊन आली तेव्हा तिच्या वडिलांनी साखरेची वाटी स्वतः माझ्याकडे सरकवली.

“तो अमेरिकन जिवंत आहे का?” त्यांनी विचारलं.

जिवंत होते. कॅरनकडून त्यांचा नंबर मी आधीच घेऊन ठेवला होता आणि माझ्या चुकीचं पत्रही त्यांना पाठवलं होतं. त्याला उत्तर आलं नव्हतं. तरी लारिसाच्या टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पुरावा म्हणून कॅरनलाही जोडून घेतलं. पडद्यावर रसेल दिसले, टोपी घातलेले, चेहरा तसाच दगडी. “पत्र वाचलं,” एवढंच म्हणाले.

मी वालेरी इग्नात्येविचांना विचारलं, “त्या आठवड्यात तुम्ही आवरलं. कुणाला?”

“स्वतःला,” ते सावकाश म्हणाले. “आम्हाला वाटत होतं, उशीर केला तर आपण मेलो. माझ्या हाताखालच्या पोरांना वाटत होतं आणि मलाही वाटत होतं. मी असा बसलो होतो.” त्यांनी दोन्ही तळहात मांडीखाली सरकवले आणि त्यांच्यावर वजन टाकून बसले. “हातांवर विश्वास नव्हता म्हणून.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. प्रथमपुरुषी, ‘मी’ म्हणूनच. “मी माझ्या हातांवर बसलो होतो.” बोलताना माझेही हात मांडीखाली गेले आहेत हे मला नंतर लारिसानं सांगितलं.

रसेल खाली बघत होते. मग त्यांनी टोपी काढली. त्यांचं उत्तर दोनच शब्दांचं होतं. वी हेल्ड. आम्ही आवरलं.

माझं तोंड उघडलं होतं, रशियन शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जो प्रश्न विचारायला हवा होता तो मी पडद्याकडे बघून विचारला, “रसेल, माफ करा. हेल्ड म्हणजे कुणाला?”

त्यांनी वर पाहिलं. “स्वतःला, मॅडम. आणखी कुणाला?”

मी वालेरी इग्नात्येविचांकडे वळले आणि त्यांना रशियनमध्ये सांगितलं की अमेरिकनांनीही स्वतःला आवरलं, ‘स्देर्झिवालिस’. शब्दाच्या शेवटचा ‘स’ मी इतका लांबवला की लारिसाला हसू फुटलं. वालेरी इग्नात्येविच हसले नाहीत. त्यांनी मांडीखालचे हात काढून टेबलावर ठेवले.